आधी गिरणीवर जा

वाचकाचे पत्र: "नमस्कार. मी सांगलीची, वय ५२. माझा मुलगा लीड्समध्ये नोकरी करतो. तो शाळेत असल्यापासून 'ओल्ड स्कूल रूनस्केप' हा ऑनलाइन खेळ खेळतो. 'आई, रोज फोनवर काय जेवलास हेच विचारतेस, त्यापेक्षा आपण एकत्र खेळू' असे म्हणून त्याने मला टॅबवर अकाउंट काढून दिले, मेंबरशिपचे पैसे भरले आणि १० लाख नाणीही दिली. पहिल्याच आठवड्यात तिथल्या बाजारात एकाने नाणी दुप्पट करून देतो असे सांगितले. १० हजारांचे २० हजार त्याने खरोखर दिले. मग मी होती नव्हती ती सगळी दिली आणि तो नाहीसा झाला. मुलाला अजून सांगितलेले नाही. त्याच्यासोबत खेळताना तो 'इथे दाब, तिथे दाब' सांगतो, मी दाबते, लेव्हल वाढतात, पण मला काहीच कळत नाही. बाकीचे लोक वर्षानुवर्षे खेळत आहेत आणि माझी बोटे तरुणांसारखी चालत नाहीत. या वयात हे जमेल का, आणि जमायचे असेल तर सुरुवात कुठून करावी?"

नमस्कार.

तुमची नाणी परत येणार नाहीत, हे आधीच स्पष्ट सांगते. हा खेळ चालवणारी केंब्रिजची जॅगेक्स कंपनी फसवणुकीत गेलेल्या वस्तू परत देत नाही. त्या खेळाडूची तक्रार मात्र 'रिपोर्ट'च्या बटणाने करता येते आणि ती तुम्ही जरूर करावी, कारण दुप्पट करून देण्याचे आमिष दाखवणे तिथल्या नियमांतही बसत नाही. व्हॅरॉक शहराच्या वायव्येला ग्रँड एक्सचेंज नावाचा जो मोठा बाजार आहे, तिथे ही मंडळी दिवसभर ओरडत उभी असतात. पहिली छोटी रक्कम खरोखर दुप्पट करून देणे हे त्यांच्या धंद्यातले भांडवल असते. आपल्याकडे दामदुप्पट योजना काढून एके रात्री कार्यालयाला कुलूप लावणाऱ्यांनीही पहिल्या काही लोकांचे पैसे वेळेवर दिलेलेच असतात. तेव्हा तुम्ही भोळ्या आहात असा निष्कर्ष काढू नका आणि मुलाला आज रात्रीच सांगून टाका. शाळकरी वयात हा खेळ सुरू केलेला आणि एकदाही न फसलेला माणूस मला तरी अजून भेटायचा आहे. तुमचे चिरंजीव बहुधा हसतील आणि मग स्वतःचे काय गेले होते ते सांगतील.

चोरीपेक्षा मला त्यांनी दिलेली नाणी जास्त अडचणीची वाटतात. त्यांनी प्रेमाने दिली यात शंका नाही, पण ज्या दिवशी तुमच्या पात्राच्या हातात १० लाख नाणी पडली त्या दिवशी तुमच्यासाठी खेळाचा पहिला भाग संपला. या खेळात सुरुवातीला काहीच नसते. कांस्याची तलवार, लाकडी ढाल, थोडी नाणी, कोळंबी धरायचे जाळे आणि भरायला २८ कप्प्यांची पिशवी एवढाच संसार. पुढे ज्या वस्तूंचे, जागांचे आणि कामांचे मोल कळायचे असते ते या अडचणीच्या दिवसांतच कळते. लोखंडाच्या तलवारीवरून पोलादाच्या तलवारीवर जाताना होणारा आनंद तिची किंमत आधीच खिशात असलेल्या माणसाला होत नाही. मुलगा सांगतो तिथे दाबल्याने लेव्हल वाढतात आणि तरीही काही कळत नाही, असे तुम्ही लिहिता, त्याचे कारण हेच आहे. तुमच्या पात्राची प्रगती झाली आहे, तुमची व्हायची आहे.

म्हणून त्यांना सांगा की पुढचे पंधरा दिवस एकही वस्तू द्यायची नाही, एकही नाणे द्यायचे नाही आणि विचारल्याशिवाय मार्ग सांगायचा नाही. जी नाणी गेली ती गेली हे एका अर्थी बरेच झाले. ती भरून काढायला बाहेरच्या संकेतस्थळांवर खऱ्या पैशांनी नाणी विकत मिळतात असे कोणी सुचवले तर तिकडे फिरकू नका. ते नियमाविरुद्ध आहे आणि त्यात अकाउंट कायमचे बंद होऊ शकते. (या नाण्यांचा बाजार कुठवर पोचतो याचे एक उदाहरण सांगण्यासारखे आहे. व्हेनेझुएलाची अर्थव्यवस्था कोसळली तेव्हा, २०१७ च्या सुमारास, तिथले अनेक लोक याच खेळात तासन् तास हिरवे ड्रॅगन मारून मिळणारी नाणी विकत आणि घर चालवत. तुम्ही ज्याला खेळातली नाणी म्हणता त्यावर कुणाची चूल पेटत होती.)

आता सुरुवात कुठून करावी. ट्युटोरियल आयलंड हे शिकवणीचे बेट तुम्ही ओलांडले आहे, पण पत्रावरून वाटते की तेही मुलाच्या सूचनांवर. हरकत नाही. बेटावरून खेळ तुम्हाला लंब्रिज नावाच्या गावात आणून सोडतो. चिरंजिवांनी तुम्हाला कुठेही नेले असले तरी परत तिथेच या आणि वाड्याच्या स्वयंपाकघरात जा. तिथे एक आचारी हवालदिल होऊन उभा आहे. ड्यूकचा वाढदिवस आहे, केक करायचा आहे आणि सामान आणलेले नाही. त्याला एक अंडे, एक बादली दूध आणि एक मडके पीठ हवे आहे. 'कुक्स असिस्टंट' नावाची ही क्वेस्ट, म्हणजे खेळाने सोपवलेली कामगिरी, आहे आणि या खेळाची प्रकृती समजायला तिच्याइतकी चांगली जागा दुसरी नाही.

अंडे कोंबड्यांच्या आवारात जमिनीवर पडलेले मिळते, ते सोपे आहे. दुधासाठी बादली घेऊन गाईकडे जावे लागते, पण कुरणात हिंडणाऱ्या गाईवर दाबले तर तुमचे पात्र तिच्याशी लढायला लागते. दूध देणारी गाय वेगळी असते, ती ओळखून शोधावी लागते. पिठाची गोष्ट सर्वांत मजेची आहे. गावाच्या वायव्येला पवनचक्की आहे. शेजारच्या शेतातून गहू तोडायचा, चक्कीच्या सर्वांत वरच्या मजल्यावर जाऊन तो वरच्या तोंडात ओतायचा, तिथलाच दांडा ओढायचा आणि मग खाली तळमजल्यावर येऊन रिकाम्या मडक्यात पीठ भरून घ्यायचे. रिकामे मडके आचाऱ्याच्या स्वयंपाकघरातच मिळते, ते निघताना उचलले नसेल तर पुन्हा वाड्यापर्यंत हेलपाटा. मी २०१९ साली फोनवर हा खेळ सुरू केला तेव्हा गहू ओतला, दांडा ओढला, खाली आले आणि मडके नाही म्हणून त्या पिठाकडे बघत उभी राहिले. हातात डबा न घेता गिरणीवर गेल्यासारखेच ते होते. मला वाटते, त्या क्षणी मला हा खेळ कळला. इथे बटण दाबून पीठ मिळत नाही. वस्तू कुठून येते, कशातून जाते आणि ती ठेवायला काय लागते याचा विचार तुम्हाला करावा लागतो. पुढे मोठमोठ्या क्वेस्टमध्येही युक्ती हीच राहते, केवळ गव्हाच्या जागी काहीतरी भयंकर येते.

केकचे सामान दिलेत की स्वयंपाकाचे ३०० गुण म्हणजे एक्सपी मिळतात आणि स्वयंपाक या स्किलची लेव्हल १ वरून थेट ४ होते. त्याहून उपयोगी गोष्ट म्हणजे आचाऱ्याची चूल तुम्हाला वापरायला मिळते आणि तिच्यावर सुरुवातीचे पदार्थ उघड्या शेकोटीपेक्षा कमी करपतात. तेव्हा पुढचा उद्योग तुम्हीच ओळखाल. दक्षिणेच्या दलदलीकाठी जाळ्याने कोळंबी धरायची, चुलीवर आणून भाजायची, जी करपेल ती टाकायची आणि उरलेली पिशवीत ठेवायची, कारण लढाईत प्राण कमी झाले की तेच अन्न खाऊन भरून काढावे लागतात. साधी कोळंबीसुद्धा शेकोटीवर अजिबात न करपण्यासाठी स्वयंपाकाची लेव्हल ३४ व्हावी लागते. इतकी वर्षे घर चालवलेल्या बाईला हे वाचून राग येईल याची मला कल्पना आहे.

लंब्रिजच्या आसपास मासेमारी, लाकूडतोड, लढाई असे एकेक काम शिकवणारे गुरुजी उभे असतात, त्यांच्याशी बोला. त्यांचे इंग्रजी सोपे आहे आणि ते घाई करत नाहीत. लढाईचा सराव गावाबाहेरच्या गोब्लिनांवर आणि गाईंवर करा. मारताना आपण आक्रमण, बळ आणि बचाव यांपैकी काय वाढवत आहोत हे तलवारीच्या चिन्हाखाली निवडता येते. ते न बघता महिनाभर एकच गोष्ट वाढवत बसणारे नवखे लोक पुष्कळ असतात. हाडे टाकू नका, पुरा, त्याने प्रार्थनेची लेव्हल वाढते. गाईंची कातडी वाड्याच्या वरच्या मजल्यावरील बँकेत साठवा आणि पुरेशी झाली की ग्रँड एक्सचेंजवर विका. तुमची पहिली स्वतःची कमाई ती असेल. तिथली खरेदी-विक्री कारकुनामार्फत होते, समोरच्या माणसावर विश्वास टाकावा लागत नाही, म्हणून ती सुरक्षित आहे. थेट दुसऱ्या खेळाडूशी देवघेव करण्याची वेळ आलीच तर दोन खिडक्या येतात, त्यांतली दुसरी शांतपणे वाचल्याखेरीज 'मान्य' दाबू नका. पहिल्या खिडकीत दाखवलेली वस्तू ऐनवेळी बदलणे ही तिथली जुनी हातचलाखी आहे.

व्हॅरॉकला चालत जाताना शहराच्या दक्षिणेला दगडांचे एक वर्तुळ लागते, त्याला लांबून वळसा घाला. तिथले काळे जादूगार दिसेल त्या नवख्यावर तुटून पडतात आणि मी त्यांच्या हातून तीनदा मेले आहे. इथला नियम समजून घेण्यासारखा आहे. तुमची लढाऊ लेव्हल त्यांच्या दुपटीहून अधिक झाली की बहुतेक हल्लेखोर प्राणी तुमच्या वाटेला जात नाहीत. त्या जादूगारांपैकी थोरले २० लेव्हलचे आहेत, म्हणजे तुम्ही ४१ झालात की त्याच वर्तुळातून त्यांच्याकडे न बघता चालत जाल. मी गेले होते, मुद्दाम दोनदा.

मरणाला घाबरण्याचे कारण नाही. साधारणपणे मेल्यावर सर्वांत किमती तीन वस्तू जवळ राहतात आणि बाकीच्या १५ मिनिटे तुमच्या थडग्यापाशी तुमची वाट बघतात. हा दिलासा एका जागी मात्र लागू नाही, ती जागा म्हणजे उत्तरेचे वाइल्डरनेस. एक खंदक ओलांडला की ते सुरू होते आणि तिथे दुसरे खेळाडू तुम्हाला मारून तुमच्याजवळचे सामान नेऊ शकतात. जितके उत्तरेला जावे तितका त्या भागाचा आकडा वाढतो आणि तुमच्यापेक्षा तेवढ्या लेव्हलने वरच्या किंवा खालच्या माणसाला तुमच्यावर हल्ला करता येतो. 'माझ्यामागे ये, फुकट चिलखत देतो' म्हणणारा माणूस जवळजवळ नेहमीच त्या खंदकाच्या दिशेने चालत असतो. कुतूहल असेल तर रिकाम्या हाताने एकदा जाऊन या.

आणखी एक काम या आठवड्यातच उरका. व्हॅरॉकच्या पश्चिमेला बार्बेरियन व्हिलेज आहे, त्याच्या मधोमध जमिनीखाली 'स्ट्राँगहोल्ड ऑफ सिक्युरिटी' नावाचे चार मजल्यांचे भुयार आहे. त्यातले दरवाजे तुम्हाला अकाउंटच्या सुरक्षेबद्दल प्रश्न विचारतात आणि बरोबर उत्तर दिल्यावरच उघडतात. पहिल्या तीन मजल्यांवर २, ३ आणि ५ हजार अशी मिळून १० हजार नाणी मिळतात, चौथ्यावर बूट. फसवणुकीपासून सावध करायचे म्हणून उपदेश न करता भुयार खणून ठेवणाऱ्यांचे मला कौतुक वाटते. भाजलेली कोळंबी सोबत न्या, खालच्या मजल्यांवरचे राक्षस जड आहेत आणि एका फेरीत सगळे मजले करण्याची सक्ती नाही. बाहेर आलात की बँकेला चार आकडी पिन लावा आणि अकाउंटला मोबाइलवरच्या कोडची दुहेरी पडताळणी चालू करा. हा एक भाग मुलाकडून करून घेतलात तरी चालेल. ई-मेलने आलेल्या दुव्यावरून कधीही लॉगिन करू नका.

तुमच्या बोटांचा प्रश्न. रूनस्केपचे जग ०.६ सेकंदाच्या ठोक्यांवर चालते. तुम्ही कितीही चपळाईने दाबले तरी हालचाल पुढच्या ठोक्यालाच होते. वरच्या पातळीवरचे खेळाडू या ठोक्यांत बसवून फार नाजूक कसरती करतात, पण मासे धरणाऱ्या, झाडे तोडणाऱ्या आणि क्वेस्ट करणाऱ्या माणसाला त्यांची गरज वर्षभर तरी लागत नाही. तुमचा वेग या खेळासाठी पुरेसा आहे.

उशीर झाल्याचा प्रश्नही तसाच सुटतो. मूळ रूनस्केप ४ जानेवारी २००१ रोजी आला. पुढे तो इतका बदलला की जुन्या खेळाडूंनी मतदान करून, ऑगस्ट २००७ च्या जपून ठेवलेल्या प्रतीवरून, २२ फेब्रुवारी २०१३ रोजी 'ओल्ड स्कूल' पुन्हा सुरू करून घेतला. फोनवर तो ऑक्टोबर २०१८ मध्ये आला. एवढ्या वर्षांत पुढे गेलेल्यांना गाठायचे असे मनात धरले तर आकडे ऐकून ठेवा. कुठल्याही एका स्किलची ९९ वी लेव्हल गाठायला १,३०,३४,४३१ एक्सपी लागतात आणि त्यांतली निम्मी वाट ९२ व्या लेव्हलला संपते. म्हणजे शेवटच्या सात लेव्हलना आधीच्या ९१ इतकेच कष्ट. उलट बाजूने पाहिले तर सुरुवातीच्या लेव्हल भराभर मिळतात आणि खेळातला बराच रस मधल्या टप्प्यात आहे. तिथे पोचायला कोणाच्याही मागे धावावे लागत नाही. पडद्यावर लेव्हल वाढल्याचे फटाके उडाले की अनोळखी लोक 'जीझेड' लिहितात. ते अभिनंदन असते, तेवढे स्वीकारा.

अनुभवी लोक, तुमचा मुलगाही त्यांत आला, लवकरच तुम्हाला 'वॉटरफॉल क्वेस्ट' करायला सांगतील. त्यांचे चुकत नाही. मेंबर खेळाडूंसाठी असलेल्या त्या क्वेस्टमध्ये कोणाशी लढण्याची सक्ती नाही आणि आक्रमण व बळ या दोन्हींचे प्रत्येकी १३,७५० एक्सपी मिळून ती स्किल पहिल्या लेव्हलवरून थेट ३० वर जातात. तरीही पहिल्या पंधरा दिवसांत ती करू नका. ज्या गोब्लिनाने आज तुम्हाला घाम फोडला तो उद्या एका फटक्यात पडला तर त्याच्याशी असलेले तुमचे वैर अर्धेच राहील. खेळाची विकी, म्हणजे ऑनलाइन माहितीकोश, फार उत्तम आहे, पण तीसुद्धा अडल्यावरच उघडा. आधी दहा मिनिटे स्वतः शोधा, मग वाचा.

पंधरा दिवसांनी मुलासोबत खेळायचेच आहे, त्यासाठी माझ्याकडे एक निश्चित सूचना आहे. २०२१ साली या खेळात 'ग्रुप आयर्नमॅन' नावाचा प्रकार आला. दोन ते पाच जणांनी मिळून नव्या पात्रांचा गट काढायचा. गटाबाहेरच्या कोणाकडूनही वस्तू घेता येत नाही, ग्रँड एक्सचेंजवर खरेदी करता येत नाही, जे लागेल ते गटातल्यांनीच मिळवायचे आणि आपसांत वाटायचे. चिरंजिवांची जुनी श्रीमंती तिथे पोचू शकत नाही. त्यांनाही पुन्हा कांस्याच्या तलवारीपासून सुरुवात करावी लागेल, आणि तोपर्यंत मासे धरण्यात तुमचा हात बसलेला असेल. त्यांनी खाणीत जावे, तुम्ही अन्न पुरवावे, अशी कामे वाटून घेता येतील. मग त्यांना तुमच्याकडे कोळंबी मागावी लागेल, आणि संध्याकाळच्या फोनवर जेवणाचा विषय निघाला तरी कोणी कुरकुर करणार नाही. मेंबरशिप प्रत्येक पात्रागणिक वेगळी लागते, तेवढा खर्चाचा हिशेब दोघांनी आधी करून घ्या. लीड्सचे घड्याळ उन्हाळ्यात आपल्या साडेचार आणि हिवाळ्यात साडेपाच तास मागे असते, त्यामुळे त्यांची सुटीची दुपार आणि तुमची संध्याकाळ चांगली जुळेल.

गट काढताना त्याला नाव द्यावे लागते. ते त्यांना एकट्याला ठरवू देऊ नका.